सहा ठिपक्यांचा धाक

(वाचनालयाच्या वार्षिक स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



या मालेत आजवर संतसाहित्यावर, सहकारावर, नाट्यसंगीतावर आणि एका वर्षी तर थेट अर्थसंकल्पावर व्याख्यानं झाली आहेत. किड्यावर बहुधा हे पहिलंच. वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाने विषय विचारला तेव्हा मी 'अँथिया सेक्सगुट्टाटा' असं सांगितलं. फोनवर जरा वेळ कोणी बोललं नाही. मग चिटणीसांनी अदबीने विचारलं, "सर, पत्रिकेवर 'जैवविविधता' छापलं तर चालेल का?" मी नको म्हणालो. जैवविविधतेवर बोलायला लागलं की माणूस आकडे सांगतो, तक्ते दाखवतो, शेवटी 'जतन करू या' म्हणतो आणि सगळे चहाला जातात. त्यात प्राणी कुठे भेटतच नाही. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत ते गणित शिकवायचे आणि एकच उदाहरण चार रीतींनी सोडवून घ्यायचे. त्यांना तरी ही निवड पटली असती. आजचं उदाहरण एकच, चार सेंटीमीटर लांबीचं.

फलटण, माण, इंदापूर, करमाळा, सांगोला हा आपला अवर्षणाचा पट्टा. पाऊस जेमतेम पाचसहाशे मिलिमीटर, तोही आला तर. मुरमाड जमीन, त्यावर कुसळी, मध्येच एखादी बोर, हिवर, तरवडाची झुडपं. या माळावर जूनचे पहिले एकदोन पाऊस पडून गेले की संध्याकाळी उन्हं उतरल्यावर एक काळाकुळकुळीत भुंगेरा चालताना दिसतो. पाय लांब, चाल झपाट्याची. गवताच्या बुडख्यापाशी थांबतो, मिशा हलवतो, पुन्हा निघतो. पाठीवर सहा पांढरे ठिपके. त्यातले दोन डोक्यामागच्या ढालीवर आणि चार पंखांच्या कवचावर. काळ्यावर पांढरं असल्यामुळे दहा पावलांवरूनही लपत नाही. इथेच पहिली गोष्ट खटकायला हवी. माळावरचे बाकीचे सगळे प्राणी मातीच्या रंगात विरघळून जायला धडपडतात. टिटवीची अंडी पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. धाविक बसला की ढेकूळच वाटतो. आणि हा गडी उघड्या माळावर सहा दिवे लावल्यासारखा हिंडतो.

हाच अँथिया सेक्सगुट्टाटा. तो जमिनीवरच्या शिकारी भुंगेऱ्यांच्या कुळातला, शास्त्रीय भाषेत कॅराबिडी. जगात या कुळाच्या सुमारे ४०,००० जाती नोंदल्या गेल्या आहेत. बहुतेक काळ्या, निशाचर, दगडाखाली राहणाऱ्या आणि पळण्यात पटाईत. फुलांवर त्या येत नाहीत, दिव्याभोवती घोंगावून आपल्या आमटीत पडण्याचं कामही त्यातल्या थोड्याच करतात. त्यामुळे एवढं मोठं कुळ असून लोकांच्या नजरेत नाही. आपला सहा ठिपक्यांचा भुंगेरा भारत आणि श्रीलंकेत आढळतो. त्याचं शास्त्रीय बारसं १७७५ साली झालं. योहान क्रिस्टियान फॅब्रिशियस हा डॅनिश कीटकशास्त्रज्ञ, लिनिअसचा शिष्य. त्याने त्या वर्षी प्रसिद्ध केलेल्या आपल्या पहिल्या मोठ्या ग्रंथात या भुंगेऱ्याची नोंद केली. फॅब्रिशियसने हिंदुस्थानात कधी पाऊल ठेवलं नाही. युरोपातल्या शौकिनांच्या पेट्यांमधले टाचणीला टोचलेले किडे पाहून त्याने हजारो नावं दिली. मेलेल्या किड्याचं वर्णन त्याने चोख केलं, पण हे ठिपके कशासाठी हे टाचणीवरच्या किड्याकडे पाहून कळण्यासारखं नव्हतं.

भुंगेरा काचेच्या बरणीत घेऊन दहापट मोठं करणाऱ्या भिंगातून पाहा. ठिपका म्हणजे रंग नाही. दाट, आखूड, पांढऱ्या केसांचा तो पुंजका आहे, काळ्या कवचावर उगवलेला. म्हणून हंगाम उलटलेल्या, दगडांच्या फटींतून पुष्कळ वेळा घासत गेलेल्या भुंगेऱ्याचे ठिपके विरळ होतात, एखादा पार पुसलाही जातो. कवच उघडून उडायला जावं तर खाली उडायचे पंखच नाहीत. दोन्ही कवचं पाठीच्या शिवणीवर घट्ट मिटलेली. आता पुढच्या पायाच्या नळीकडे बघा. आतल्या बाजूला एक खाच आहे, तिच्यात बारीक केसांची फणी आहे. भुंगेरा जरा स्थिर झाला की मिशी त्या खाचेत अडकवून मुळापासून टोकापर्यंत ओढून काढतो. आधी एक, मग दुसरी. मातीचा कण राहिला तर वास कळत नाही, आणि वास कळला नाही तर शिकार मिळत नाही. बरणीत अडकलेला असतानाही त्याची ही निगुती सुटत नाही. मी वर्गात हे दाखवायचो तेव्हा मागच्या बाकावरची मुलंसुद्धा पुढे यायची. तेवढं यश मला पेशी-विभाजनाने कधी दिलं नाही.

खाण्याची रीत मात्र किळसवाणी आहे. जेवून आलेल्यांनी क्षमा करावी. जबडे मोठे, पुढे आलेले. त्यांत सावज धरायचं, चुरडायचं, त्यावर तोंडातून पाचक रस सोडायचा आणि विरघळलेलं सार शोषायचं. या कुळातल्या पुष्कळांचं पचन असं शरीराबाहेरच सुरू होतं. उरतात ती रिकामी टरफलं.

आता ठिपक्यांचं प्रयोजन. भुंगेऱ्याच्या पोटाच्या शेपटाकडच्या टोकाला दोन ग्रंथी असतात. प्रत्येकीला द्रव साठवायची स्नायूंची पिशवी. चिमटीत धरलं, पंजा मारला, चोच लागली की स्नायू आवळतात आणि द्रवाची चिळकांडी उडते. मुख्य घटक फॉर्मिक आम्ल, म्हणजे काही मुंग्या आपल्यावर सोडतात तेच, फक्त इथे मात्रा मुंगीची नाही. प्रयोगशाळेतला निळा लिटमस कागद भुंगेऱ्याच्या मागे धरून त्याला काडीने डिवचलं की कागदावर लाल शिंतोडे उमटतात आणि व्हिनेगरहून तिखट वास नाकात जातो. बोटाला लागलं तर थोडं चुरचुरतं, डोळ्यात गेलं तर मात्र फार आग होते. दक्षिण आफ्रिकेत याच्या भाऊबंदांना आफ्रिकान्स भाषेत जे नाव आहे त्याचा अर्थ व्यासपीठावरून सांगण्याजोगा नाही. एवढंच सांगतो, की त्या नावात डोळा आहे आणि लघवी आहे.

तेव्हा ते सहा ठिपके ही धोक्याची पाटी आहे. एकदा तोंड पोळलेला सरडा किंवा पक्षी काळ्यावरचं पांढरं पाहिलं की पुढच्या वेळी थबकतो. पाटीचा उपयोग ती ठळक दिसण्यातच असतो. आम्ल तयार करायला खर्च येतो आणि प्रत्येक वेळी ते उडवत बसणं परवडत नाही. शत्रूने लांबूनच ओळखून वाट सोडली तर दोघांचाही फायदा. म्हणून याला लपायची गरज नाही, उलट न लपण्यावरच त्याचं पोट चालतं.

पण पाटी एकदा चालायला लागली की तिची नक्कल करणारे निघतात. आणि इथून या गोष्टीला खरा रंग चढतो.

कालाहारीच्या वाळवंटात अँथियाचे सख्खे नातलग भुंगेरे आहेत, काळे-पांढरे आणि असेच आम्ल उडवणारे. त्याच वाळूत एक पाल राहते, हेलिओबोलस लुगुब्रिस. प्रौढ पाल वाळूच्याच रंगाची, लपून राहणारी. तिची पिल्लं मात्र जन्मतात काळी, अंगावर पांढऱ्या खुणा असलेली. रेमंड ह्युई आणि एरिक पियांका या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९७७ साली 'सायन्स' या नियतकालिकात लिहिलं, की ही पिल्लं चालतातही पालीसारखी नाहीत. पाठ कमानीसारखी उंचावून, पाय ताठ ठेवून, भुंगेऱ्याच्या अडखळत्या चालीने ती जातात. शेपूट तेवढी वाळूच्या रंगाची, म्हणजे ती दिसतच नाही. दिसतो फक्त काळा-पांढरा पुढचा भाग, भुंगेऱ्याएवढा. कोणी अगदी पाठलागच केला तर सोंग टाकून साध्या पालीसारखं सुसाट झुडपात. पिल्लू वाढून भुंगेऱ्याहून मोठं झालं, की सोंग कोणाला पटणार नाही. मग त्या वयात रंगही बदलतो आणि चालही.

हे पटवायचं कसं? त्या दोघांनी पुरावा शोधला तो तुटक्या शेपट्यांत. हल्ला झाला की पाल शेपूट टाकून पळते आणि नवी शेपूट वेगळी ओळखू येते. तेव्हा तुटलेल्या शेपट्या मोजल्या की त्या जातीवर किती हल्ले होतात याचा अंदाज बांधता येतो. या सोंगाड्या पिल्लांमध्ये तुटक्या शेपट्यांचं प्रमाण तिथल्या इतर पालींपेक्षा कमी भरलं. जमिनीवरच्या पृष्ठवंशी प्राण्याने अपृष्ठवंशी प्राण्याचं सोंग घेतल्याची ही पहिली नोंद, असं त्यांनी म्हटलं होतं. मला मात्र यातली शेपट्या मोजायची युक्ती सोंगाइतकीच आवडते. ना महागडं यंत्र, ना पिंजरा. ती कुठल्याही तालुक्याच्या कॉलेजात करता आली असती.

आपल्याकडे हेच नाटक एक झुरळ करतं. झुरळ म्हटल्यावर पुढच्या रांगेतल्या काही भगिनींनी तोंडं वाकडी केली ती मी पाहिली. पण हे मोरीतलं झुरळ नव्हे. थेरिया पेटिव्हेरियाना हे माळावरचं, झुडपांखालच्या पाचोळ्यात आणि भुसभुशीत मातीत वाढणारं, घरात चुकूनही न येणारं झुरळ आहे. पाऊस सुरू झाला की त्याची प्रौढ मंडळी वर येतात. आकार भुंगेऱ्याहून लहान, अंग गोलसर, रंग काळा आणि त्यावर मोठे पांढरट ठिपके, सात. अँथियाच्या पाटीचा फायदा उठवणारं झुरळ म्हणून कीटकशास्त्रज्ञ याच्याकडे बोट दाखवतात. दोघांचा माळ तोच, हंगाम तोच.

सात हा आकडा विषम, म्हणजे ठिपके दोन्ही बाजूंना सारखे वाटले जाणार नाहीत. झुरळाचे पुढचे पंख मिटल्यावर एकावर एक येतात. वरच्या पंखावर चार ठिपके आहेत, खालच्यावर तीन. खालच्या पंखाचा जो भाग वरच्याखाली झाकला जातो तिथे चौथा ठिपका काढलेलाच नाही! मिटल्यावर मात्र नक्षी पुरी दिसते. शत्रूच्या नजरेला जे दिसतं तेवढंच रंगवलेलं आहे. कोणी चित्रकार बसून हे करत नाही हे मला ठाऊक आहे. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना ओळखण्यात शत्रू चुकले ती झुरळं जगली, बस. तरीही हा पंख उलगडून पाहताना त्या काटकसरीला दाद द्यावीशी वाटते.

आणि हे सोंग पक्ष्यांपुरतंच चाललं असं समजू नका. सतराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये जेम्स पेटिव्हर नावाचा औषधविक्रेता होता. त्याला देशोदेशीच्या वनस्पती आणि किडे जमवायचा नाद. मद्रासच्या किल्ल्यातला ईस्ट इंडिया कंपनीचा शल्यवैद्य सॅम्युअल ब्राउन त्याला नमुने पाठवत असे. या झुरळाच्या नावात जो पेटिव्हर आहे तो हाच. पुढे १७५८ साली खुद्द लिनिअसने, ज्याने आजची नामकरणाची पद्धत घालून दिली त्याने, या झुरळाला नाव दिलं ते 'कॅसिडा पेटिव्हेरियाना'. कॅसिडा म्हणजे कासवाच्या पाठीसारखं कवच असलेल्या भुंगेऱ्यांची प्रजाती. झुरळाला त्याने भुंगेरा ठरवून टाकलं. चूक नंतर दुरुस्त झाली, पण पेटिव्हरचं नाव चिकटलं ते चिकटलंच. लिनिअस फसला तिथे खाटीक पक्षी फसला तर त्याला कोणी हसू नये.

मुंग्यांसारख्या दिसणाऱ्या, पण खरं तर गांधीलमाशीच्या नात्यातल्या, बिनपंखी माद्या याच माळावर फिरतात. अंगावर मखमल आणि काहींच्या पोटावर पांढरे ठिपके. त्या दंश करतात, आणि तो दंश विसरण्यासारखा नसतो. म्हणजे काळ्यावर पांढरं ही केवळ एका भुंगेऱ्याची पाटी नाही, माळावरच्या पुष्कळांनी मान्य केलेली लिपी आहे. काही खरे, काही बनावट. वाचणारे सगळे साक्षर. या साक्षरांच्या वस्तीत आपण जातो आणि 'इथे काहीच नाही' म्हणून परत येतो.

सरकारी कागदांत तसंच लिहिलेलंही असतं. केंद्र सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात विरळ झुडपांची जमीन ही पडीक जमिनीची एक रीतसर वर्गवारी आहे. पडीक म्हणजे रिकामी, रिकामी म्हणजे द्यायला मोकळी, असा हिशेब त्यातून सहज निघतो. एम. डी. मधुसूदन आणि अबी वनक यांनी देशातल्या निमओसाड मोकळ्या नैसर्गिक जागांचा, म्हणजे आपले माळ, काटवनं, खडकाळ पठारं यांचा, उपग्रहचित्रांवरून नकाशा तयार केला. देशाच्या भूभागाचा सुमारे १० टक्के भाग असा निघाला, आणि त्यातला ५ टक्क्यांहूनही कमी अभयारण्यांच्या आत आहे. आपल्या बाजूची उदाहरणं सांगायची तर माळढोकांसाठीचं नान्नजचं अभयारण्य १९७९ चं, सुप्याचं मयूरेश्वर १९९७ चं. मयूरेश्वर जेमतेम पाच चौरस किलोमीटर. तिथला चिंकारा निदान कुंपणाबाहेर उडी मारून जाऊ शकतो. ज्याला पंखच नाहीत त्याचं काय?

या प्रश्नाचं उत्तर जर्मनीत मिळालेलं आहे, पण वेगळ्या भुंगेऱ्यांवरून. हान्स-योआखिम मादर या संशोधकाने जंगलातले जमिनीवरचे भुंगेरे पकडले, त्यांच्यावर खुणा केल्या आणि सोडून दिले. जंगलातून रस्ता जात होता. खूण केलेले भुंगेरे रस्त्याच्या कडेकडेने हिंडत, पण पलीकडे गेलेले जवळजवळ सापडलेच नाहीत. रस्ता अरुंद असला तरी तेच. त्याचा निबंध १९८४ चा. गाडीखाली येऊन मरण्यापेक्षा हे वेगळं आहे. भुंगेरा रस्त्यावर येतच नाही, कारण त्याच्या दृष्टीने तिथे जमीन संपते. म्हणजे माळाचे दोन तुकडे केले की भुंगेऱ्यांच्या दोन वसाहती झाल्या, आणि लहान तुकड्यातली एखाद्या दुष्काळात संपली तर पलीकडून कोणी येऊन ती पुन्हा वसवणार नाही. आपल्या चौपदरी रस्त्यांच्या मधला दुभाजक आठवा. तो ओलांडणं माणसालाही जमत नाही.

झाडं लावण्याबद्दल मी थोडं कडवट बोलणार आहे, राग मानू नये. माळावर खड्डे खणून, टँकरने पाणी घालून रोपांच्या रांगा लावल्या की फोटो चांगला येतो. पण माळ म्हणजे आजारी जंगल नव्हे. उन्हाचा, गवताचा, उघड्या जमिनीचा तो स्वतंत्र संसार आहे, आणि सावली ही तिथल्या कित्येकांना आपत्ती वाटते. गावठाणात, ओढ्याकाठी, शाळेच्या आवारात लावा की झाडं, कोण नको म्हणतंय?

पवनचक्क्यांचंही तसंच. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी काम केलं, निबंध २०१८ चा. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी कमी झाले, म्हणून सरडे वाढले, आणि वाढलेल्या सरड्यांच्या वागण्यातही फरक पडला. घार-ससाण्यांच्या जागी पाती फिरायला लागली आणि त्याचा हिशेब जमिनीवर लागला. सरडे वाढले की किड्यांवर ताण येणार हे सांगायला संशोधक लागत नाही.

आता शेतकऱ्याच्या कामाची गोष्ट. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये यंत्रांच्या सोयीसाठी शेतं मोठमोठी केली गेली, मधली कुंपणं आणि गवताळ कडा काढून टाकल्या. त्यावर १९८० च्या दशकाच्या अखेरीस साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या आणि गेम कॉन्झर्व्हन्सीच्या संशोधकांनी उपाय काढला. शेताच्या मधोमध नांगराने मातीचा उंचवटा करायचा, त्यावर झुबक्याचं गवत पेरायचं आणि तो कधीच नांगरायचा नाही. थोड्याच हिवाळ्यांत त्या गवताच्या बुडख्यांत शिकारी भुंगेरे आणि कोळी मुक्कामाला आले, चौरस मीटरला शेकड्यांनी, काही ठिकाणी हजारावर. वसंतात ते उतरून गव्हात जातात आणि मावा खातात. पुढे असा उंचवटा राखणाऱ्या शेतकऱ्यांना तिथल्या सरकारने अनुदान दिलं.

इंग्रज शेतकऱ्याला अनुदान देऊन जे करायला लावलं ते आपल्याकडे आयतं आहे. त्याला आपण बांध म्हणतो. आणि आपण त्याचं काय करतो? दर वर्षी नांगराच्या एका तासाने कोरतो! बांधापायी भाऊ भावाशी बोलत नाही, दावे दोन पिढ्या चालतात, मोजणीदार येतो तेव्हा अख्खं गाव गोळा होतं. एवढ्या भांडणात ज्याचा बांध त्याला मात्र कोणी विचारत नाही. सहा ठिपक्यांचा आपला भुंगेरा माव्यासारखं बारीक खाणं खात बसत नाही, त्याला मोठं सावज लागतं. पण त्याच्या कुळातले बारके, तपकिरी, नखाएवढे कितीतरी भुंगेरे बांधावरच्या गवतात राहतात आणि रात्री पिकात उतरतात. बांध जाळला, त्यावर तणनाशक मारलं, की ती फौज गेली. मग तिच्या वाट्याचं काम फवारणीच्या पंपाने करायचं, आणि त्या पंपाचे हप्ते भरायचे.

वेळ संपत आली, अध्यक्ष घड्याळाकडे बघताहेत. ज्यांना हा भुंगेरा पाहायचा आहे त्यांच्यासाठी दोन सूचना. जूनचा एखादा चांगला पाऊस होऊन गेल्यावर, उन्हं कलल्यापासून अंधार पडून तासभर होईपर्यंत जा. न नांगरलेला माळ निवडा, बूट घाला, कारण तिथे फुरसंही असतं. टॉर्च जमिनीलगत आडवा धरा, म्हणजे पांढरे ठिपके लगेच चमकतात. ठिपके मोजा. सहा असतील आणि प्राणी लांबट, ताठ पायांवर चालणारा असेल तर भुंगेरा. सात असतील, अंग गोलसर असेल आणि तो पाचोळ्यात शिरायला बघत असेल तर झुरळ, त्याला खुशाल हातावर घ्या. भुंगेऱ्याला मात्र हात लावू नका आणि तोंड जवळ नेऊन वाकू नका. आम्ल डोळ्यात गेलंच तर चोळायचं नाही. भरपूर स्वच्छ पाण्याने बराच वेळ डोळा धुवायचा आणि डॉक्टरकडे जायचं. बरणीत घेतलात तर पाहून झाल्यावर जिथून उचलला तिथेच सोडा, रस्त्याच्या त्याच बाजूला. पलीकडून घरी परत यायची सोय त्याला नाही.

आता प्रश्न असतील तर विचारा.